रस्ता बंद होण्याआधीचे तास : प्रादेशिक सेनेतील एका अधिकाऱ्याचे कृष्णाकाठचे काम

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर गेले की धोका पातळी, हे आकडे सांगलीतल्या शाळकरी मुलालाही पाठ असतात. या प्रकरणातील गावाला मात्र दोन्ही आकडे उशिराचे ठरतात. गाव पुलाच्या वरच्या अंगाला, वाळवा-पलूसच्या पट्ट्यात नदीकाठी आहे आणि बाहेर जाणारा त्याचा मुख्य रस्ता एका ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून जातो. नदी फुगू लागली की तिचे पाणी ओढ्यात उलटे शिरते. नदी अजून पात्रात असतानाच ओढ्याचा पूल बुडतो, आणि सांगलीत ध्वनिक्षेपकाच्या गाड्या फिरू लागतात तोवर गाव तीन बाजूंनी पाण्यात गेलेले असते. रस्ता बंद होण्याआधी हाताशी नेमके किती तास उरतात, या एका प्रश्नाभोवती हे प्रकरण फिरते. हा प्रश्न पहिल्यांदा विचारणारा माणूस महसूल खात्यातला किंवा पाटबंधारे विभागातला नव्हता. तो प्रादेशिक सेनेतून लेफ्टनंट कर्नल म्हणून बाहेर पडलेला साखर कारखान्यातील इंजिनिअर होता.

हे प्रकरण प्रशिक्षणातील चर्चेसाठी रचलेले आहे. अधिकारी, गाव आणि गावातील हिशेब प्रातिनिधिक आहेत. महापुरांची, कायद्याची आणि सेनेच्या रचनेची माहिती मात्र खरी आहे.

प्रादेशिक सेना म्हणजे काय, याविषयी सातारा-सांगलीसारख्या फौजी परंपरेच्या भागातही पुष्कळ गैरसमज आहेत. घरटी एक माणूस सैन्यात असल्याची ख्याती असलेले अपशिंगे मिलिटरी ज्या जिल्ह्यात आहे, तिथेसुद्धा 'टी.ए.चा (टेरिटोरियल आर्मीचा, म्हणजे प्रादेशिक सेनेचा) साहेब' म्हणजे अर्धाच फौजी, असे हसत म्हटले जाते. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली ही सेना मुळातच नोकरी-व्यवसाय असलेल्या नागरिकांची आहे. पदवीधर आणि स्वतःच्या कमाईवर उभा असलेला माणूस निवड मंडळापुढून जाऊन तिच्यात अधिकारी होतो, दरवर्षी साधारण दोन महिने शिबिराला जातो आणि उरलेले दहा महिने आपल्या कामावर असतो; गरज पडली की सरकार त्याला प्रत्यक्ष सेवेत बोलावून घेते. कोल्हापूरला या सेनेची मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण आहे, त्यामुळे आपल्याकडच्या तरुणांना ही वाट अपरिचित नाही. 'सावधानी व शूरता' हे तिचे बोधवाक्य आहे. त्यातला पहिला शब्द कोणी फारसा लक्षात घेत नाही. या प्रकरणात मात्र सगळे काम त्याच शब्दाचे आहे.

आपले अधिकारी वाळवा तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात इंजिनिअर होते. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाला संपतो आणि त्यानंतर कारखान्यात दुरुस्तीची कामे चालतात, म्हणून ते आपले शिबिर हंगामाबाहेर बसवून घेत. दोनदा त्यांना प्रत्यक्ष सेवेत बोलावणे आले आणि दोन्ही वेळा ते पलटणीबरोबर जम्मू-काश्मीरमध्ये होते. अशा माणसाला कामावर परत घेण्याचे बंधन कायद्याने मालकावर आहे. पण परत आल्यावर खुर्ची तीच मिळाली तरी मधल्या काळातली बढती दुसऱ्याला मिळालेली असते, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नसते. त्यांनी याविषयी कधी तक्रार केल्याचे दिसत नाही. एक परिणाम मात्र झाला. कारखान्यात ते 'मेजरसाहेब' आणि पलटणीत 'साखरवाले साहेब' राहिले. दोन्ही ठिकाणी थोडे बाहेरचे असण्याची त्यांना सवय झाली आणि पुढे तीच कामी आली.

निवृत्तीनंतर २०१८ मध्ये त्यांनी आपत्ती व्यवस्थापनाचे अकरा महिन्यांच्या कराराचे पद स्वीकारले. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या डिसेंबरचा. त्याच वर्षीच्या जानेवारीत सातारा जिल्ह्यात मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन शेकडो माणसे गेली होती आणि पावसाळ्यात सांगली पाण्यात गेली होती, म्हणून या दोन जिल्ह्यांसाठी तो कायदा नुसता दिल्लीत झालेला कागद नाही. कायद्याने जिल्हा प्राधिकरण उभे केले, जिल्हाधिकाऱ्यांना त्याचे अध्यक्ष केले आणि आपत्तीच्या वेळी वाहने, इमारती, माणसे ताब्यात घेण्यापर्यंतचे अधिकार त्या प्राधिकरणाला दिले. कंत्राटी आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्याला यातले काहीही मिळत नाही. तो सुचवतो, आठवण करून देतो, फोन लावतो. शंभरावर जवानांच्या कंपनीचा प्रमुख राहिलेल्या माणसाच्या हाताखाली आता एक संगणक चालक आणि कधीमधी एक शिपाई होता.

पहिल्या पावसाळ्यात त्यांनी जी चूक केली ती अशा वाटेने येणारे बहुतेक जण करतात. पूरपट्ट्यातल्या गावांच्या तलाठ्यांना, ग्रामसेवकांना आणि पोलीस पाटलांना त्यांनी एक पत्र काढले. त्यात तारीखवार कामे होती, वेळा होत्या आणि प्रत्येक वाक्याचा शेवट 'करावे' असा होता. मजकुरात खोट काढण्यासारखे काही नव्हते. पण तलाठ्याला असे पत्र लिहिण्याचा अधिकार तहसीलदारांचा, ग्रामसेवकाला गटविकास अधिकाऱ्यांचा आणि पोलीस पाटलाचे नाते उपविभागीय अधिकारी व पोलीस ठाण्याशी. एका पत्राने तीन खात्यांच्या शेपटीवर पाय पडला. बैठकीला निम्मे लोक आलेच नाहीत. जे आले त्यांतल्या एका ज्येष्ठ मंडल अधिकाऱ्याने शांतपणे सांगितले, "साहेब, मजकूर हाच ठेवा, फक्त वर 'टिपणी सादर' लिहा आणि सही तहसीलदारसाहेबांची घ्या. उद्या सगळे हजर असतील." तसेच झाले. लष्करी माणूस आला की प्रशासनाला शिस्त लागते, असे आपल्याकडे मोठ्या कौतुकाने बोलले जाते. मला ते पटत नाही. महसूल खात्याची स्वतःची शिस्त आहे, ती कागदाच्या प्रवासाची आहे, आणि तो प्रवास शिकल्याशिवाय बाहेरच्या माणसाचा एकही शब्द गावापर्यंत पोचत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये खरी परीक्षा झाली. जुलैअखेरीपासून पाणलोटात पाऊस थांबेना. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. ते भरत आले आणि विसर्ग वाढत गेला, वारणेचेही पाणी चढले, आणि आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांवर गेली. २००५ च्या महापुरात ती सुमारे ५३ फूट होती. गावाची आठवण त्या ५३ फुटांशी बांधलेली होती. देवळाच्या कोणत्या पायरीला तेव्हा पाणी लागले होते ते प्रत्येकाला ठाऊक होते आणि त्यापलीकडे पाणी येणार नाही, असा निर्वाळा म्हातारी माणसे देत होती. ओढ्याचा पूल बुडाला तेव्हा निम्म्याहून अधिक माणसे गावातच होती. पुढचे दोन दिवस माणसे माड्यांवर आणि गच्च्यांवर होती.

या काळात अधिकाऱ्यांनी दोन कामे केली. एकाविषयी दुमत नाही. दुसऱ्याविषयी मात्र अजून वाद होऊ शकतो.

पहिले काम दुभाष्याचे होते. एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची), लष्कराची आणि नौदलाची पथके जिल्ह्यात आली होती. आलेल्या पथकाचा प्रमुख नकाशावरचे स्थान विचारी आणि गावातून फोनवर उत्तर येई, "मारुतीच्या देवळामागची वस्ती, तिथून खाली पाटलांचा मळा." दोघेही आपापल्या परीने अचूक बोलत होते. अधिकाऱ्यांनी एका रात्रीत, चार माहितगार माणसे शेजारी बसवून, गावाचा एक हातनकाशा काढला. त्यात प्रत्येक वस्तीचे बोलीतले नाव आणि नकाशावरचे स्थान शेजारी शेजारी होते. प्रत्येक बोटीवर त्यांनी गावचा एक वाटाड्या बसवला. याचे कारण ऊस होते. पुरात बुडालेला ऊस पाण्याच्या किंचित खाली उभा असतो, वरून दिसतो तो मोकळा तलाव, आणि पाचटात, वेलीत किंवा कुंपणाच्या तारेत बोटीच्या इंजिनाचा पंखा अडकला की बोट जागेवर बसते. पाणंद, म्हणजे शेतांमधली वाट, कुठून जाते हे ठाऊक असलेला माणूस पुढे बसला तर बोट रस्त्यावरून चालावी तशी पाणंदीवरून जाते. विजेच्या तारा कुठे हाताला लागतील एवढ्या खाली आल्या आहेत, हेही त्यालाच ठाऊक असते.

दुसरा निर्णय ८ ऑगस्टचा होता. त्या दिवशी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांची नाव उलटली आणि डझनाहून अधिक माणसे बुडाली. बातमी कळताच अधिकाऱ्यांनी या गावातल्या खासगी होड्या आणि होडीसारख्या वापरल्या जाणाऱ्या गुळाच्या काहिली बंद ठेवाव्यात, अशी शिफारस केली आणि ती लगेच मान्य झाली. पथकाची बोट दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मधल्या रात्री एका माडीवर दोन कुटुंबे अन्नपाण्यावाचून अडकली. त्यांत एक बाळंतीण होती. सगळे सुखरूप सुटले, म्हणून निर्णय योग्य ठरला असे म्हणणे सोपे आहे. माझ्या मते तो निर्णय घाबरून घेतलेला होता आणि पुढे त्यांनी स्वतःही तसेच लिहून ठेवले. होडी बुडते ती बहुधा खासगी असल्यामुळे नाही. तिच्यात किती माणसे बसली हे कोणी मोजत नाही म्हणून बुडते. गाडीत किती जवान, किती वजन, हे पाहिल्याशिवाय पलटणीतली एकही गाडी हलत नाही. ही सवय अंगी असलेल्या माणसाने मोजणी लावायची ती सोडून बंदी लावली. पुढच्या वर्षी गावातल्या होड्यांच्या अंगावर रंगाने आकडा लिहिला गेला, आणि जितकी लाईफ जॅकेटे तितकीच माणसे, हा नियम झाला.

पूर ओसरल्यावर जिल्ह्यात चर्चा अलमट्टीची झाली. कर्नाटकातल्या या धरणाच्या फुगवट्यामुळे सांगली बुडते की नाही, यावर २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला कारण मानले नाही, आणि तरीही वाद आजवर मिटलेला नाही. त्या वादाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. पण पूरपट्ट्यातल्या गावच्या बैठकीत पहिले दोन तास अलमट्टीवर जात आणि ओढ्याच्या पुलावर कोणी यायच्या आत चहा येई. अधिकाऱ्यांनी विषयपत्रिकेचा क्रम बदलून घेतला, एवढेच केले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी एक काम केले, जे मला त्यांच्या सबंध कारकिर्दीत सर्वांत मोलाचे वाटते. सेनेत कोणताही बेत आखताना आधी उद्दिष्ट, मग घटक, मग पर्याय, मग निर्णय, अशी परिस्थितीचे आकलन करण्याची पद्धत शिकवली जाते, आणि वेळेचा हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे मांडला जातो. त्यांनी पोलीस पाटील आणि तलाठ्याला घेऊन घरोघर एकच प्रश्न विचारला : २०१९ ला तुम्ही वेळेवर का निघाला नाही? उत्तर जवळजवळ सगळीकडे एकच आले. एका आबांनी ते असे दिले, "म्हसरं दावणीला सोडून कुठं जाऊ, साहेब? दोन म्हशी म्हंजे माझं सालाचं घर हाय." निवारा केंद्रात माणसांची सोय होती; जनावरांची नव्हती. आतापर्यंतच्या सगळ्या आराखड्यांत गावाची लोकसंख्या होती, पशुगणना नव्हती.

मग हिशेब उलटा मांडला गेला. गावात मोठी जनावरे सुमारे सहाशे. एका ट्रॉलीत चार म्हशी. वीस ट्रॉल्या मिळाल्या तर एका खेपेला ऐंशी, म्हणजे आठ खेपा. भरणे, नेणे, उतरवणे धरून खेपेला एक तास. एकूण आठ तास, शिवाय ट्रॉल्या गोळा करायला दोन. अंधारात म्हैस ट्रॉलीवर चढत नाही, म्हणून हे सगळे उजेडात. म्हणजे रस्ता बंद होण्याच्या दहा तास आधी, आणि तेही दिवसा, निर्णय झाला पाहिजे. त्यासाठी खाली सांगलीकडे पाहून उपयोग नाही, वर पाहिले पाहिजे : कऱ्हाडचा कृष्णा पूल, बहे पूल, ताकारी पूल. कऱ्हाडला चढलेले पाणी ओढ्याच्या पुलाला लागायला किती तास घेते, हे त्यांनी जुन्या नोंदींवरून काढले. प्रत्येक पुरात आकडा वेगळा निघाला, कारण धरणांच्या खालच्या मोकळ्या पाणलोटात किती पाऊस पडतो यावर तो अवलंबून असतो. त्यांनी सरासरी काढली नाही. सर्वांत कमी आलेला आकडा धरला.

वीस ट्रॉल्या कुठून आणायच्या, याचे उत्तर त्यांना सेनेने दिले नाही, कारखान्याने दिले. ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या जुलैत रिकाम्या उभ्या असतात. कोणाची ट्रॉली कोणत्या गोठ्याशेजारी आहे आणि कोणाच्या ट्रॅक्टरला ड्रायव्हर आहे, हे कारखान्याच्या शेतकी खात्यातल्या चिटबॉयला, म्हणजे शेतकऱ्यांना ऊसतोडीची पाळी कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला, तोंडपाठ असते. शेतकऱ्याला 'उद्या सकाळी तुझी पाळी' असे सांगण्याचे आणि त्याने ते ऐकण्याचे नाते त्याने हंगामानुहंगाम जपलेले असते. तलाठ्याच्या नोटिसीने जे हलत नाही ते चिटबॉयच्या एका फोनने हलते. डिझेल कारखान्याच्या पंपावरून उधारीत मिळेल आणि बिल तहसील कार्यालयाकडे जाईल, असे पत्र आधीच करून ठेवले. हे पत्र मिळवायला सगळ्या आराखड्यापेक्षा जास्त दिवस लागले. जनावरे चढवण्यासाठी शाळेच्या बाजूला मुरुमाचा एक उतरता धक्का तयार केला. पाहायला आलेल्या एका पाहुण्याने हे काय म्हणून विचारले तेव्हा सरपंच म्हणाले, "म्हसरांचा प्लॅटफॉर्म."

२२ जुलै २०२१ ला महाबळेश्वर परिसरात ढगफुटीसारखा पाऊस सुरू झाला. तिथे चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे डोंगर कोसळले. संध्याकाळी कऱ्हाडच्या पुलावरची पातळी ज्या वेगाने चढत होती तो त्यांच्या वहीतल्या कोणत्याही नोंदीपेक्षा जास्त होता. त्यांनी तहसीलदारांना सांगितले की पहाटे ट्रॉल्या लावाव्यात. तहसीलदारांनी रास्त प्रश्न विचारला : धरणातून विसर्ग वाढवल्याचे पत्र आले आहे का? आले नव्हते. पूर धरणाच्या दरवाजातूनच येतो, या समजुतीवर आपली सगळी सूचना यंत्रणा उभी आहे. दरवाजांच्या खाली पडणाऱ्या पावसाचे पत्र कोणी पाठवत नाही. अधिकाऱ्यांनी वही पुढे ठेवली, दहा तासांचा हिशेब पुन्हा एकदा सांगितला आणि गप्प बसले. पूर आला नसता तर गाव विनाकारण हलवल्याचा ठपका सही करणाऱ्यावर येणार होता, सुचवणाऱ्यावर नाही. तहसीलदारांनी सही केली. या प्रकरणात धैर्याचे काम कोणते असेल तर ते माझ्या मते हे आहे, आणि ते गणवेशातल्या माणसाने केलेले नाही.

सकाळी साडेसहाला पहिली ट्रॉली भरली. दुपारी तीनपर्यंत पाचशेच्या वर जनावरे उंचावरच्या बाजार आवारात पोचली आणि जनावरांपाठोपाठ माणसे आपोआप निघाली. फारशी समजूत घालावी लागली नाही. करोनाचे दिवस होते, म्हणून निवारा केंद्रात बाधित रुग्णांच्या खोल्या वेगळ्या ठेवाव्या लागल्या आणि त्यावरून थोडी कुरबुर झाली. दिवे लागायच्या सुमारास ओढ्याच्या पुलावरून पाणी गेले. काही कुटुंबे राहिलीच. त्यांतली दोन दुसऱ्या दिवशी बोटीने काढली. सांगलीला पातळी पुन्हा ५० फुटांच्या पुढे गेली.

यानंतर गावात एक नवी अडचण तयार झाली आहे. २०१९ ची खूण आता घराघरांच्या भिंतींवर रंगवलेली आहे, आणि पूर्वी देवळाची पायरी जे काम करत होती ते काम ती खूण करू लागली आहे. तिच्यापुढे पाणी येणार नाही, असे तरुण मुलेही बोलतात. अधिकाऱ्यांनी खुणेच्या वर तीन फुटांवर दुसरी रेघ मारावी असे सुचवले होते. ग्रामसभेत ते अपशकुनी मानले गेले आणि विषय तिथेच राहिला.

अधिकाऱ्यांचा करार पुढच्या वर्षी वाढला नाही. त्यात कोणाचा आकस नव्हता. मंजुरीला उशीर झाला आणि दरम्यान त्यांनी वयाच्या कारणाने थांबायचे ठरवले. सेनेत पद सोडताना देण्या-घेण्याची रीत कडक असते : येणारा आणि जाणारा एकत्र उभे राहून यादीतली प्रत्येक वस्तू पाहतात आणि दोघेही सही करतात. त्यांनी तशीच अकरा पानांची यादी केली. नकाशा, पुलांच्या नोंदींची वही, वाटाड्यांची आणि ट्रॉलीवाल्यांची नावे, डिझेलच्या पत्राची प्रत, होड्यांचे आकडे. जागा रिकामी असल्यामुळे घेणाऱ्याच्या सहीची जागा कोरी राहिली. एक प्रत कार्यालयात जमा झाली. दुसरी त्यांनी पोलीस पाटलांना दिली आणि तिसरी चिटबॉयला. चिटबॉयने त्यातले ट्रॉलीवाल्यांचे पान तेवढे काढून घेतले, दोन मृत ट्रॅक्टरमालकांची नावे खोडून त्यांच्या मुलांची लिहिली, आणि पान प्लॅस्टिकमध्ये घालून गट ऑफिसच्या भिंतीवर, ऊसतोडीच्या पाळीपत्रकाशेजारी लावले.